वसंतात आंबट की गोड? ग्वांगझूतल्या ऋतूंप्रमाणे स्वयंपाक

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जानेवारीत तुम्ही पुण्याहून ग्वांगझूला आलात. शेजारच्या आजींनी "ऋतू बघून खा" असं सांगितलं, म्हणून चिनी वैद्यकातल्या आहाराचा एक तक्ता शोधून फ्रीजवर लावलात. त्यात वसंत म्हणजे यकृत, हिरवा रंग आणि आंबट चव असं होतं. त्याप्रमाणे फेब्रुवारीअखेरपासून रोज कच्च्या पाल्याची सॅलड, सकाळी लिंबूपाणी, व्हिनेगरमधल्या काकड्या असं सुरू केलंत. महिनाभरात तिघांचीही पोटं जड, अंग जड, सकाळी उठवत नाही. आता तुम्हाला बारा महिन्यांचा बरोबर तक्ता हवा आहे. घरी नवरा, सात वर्षांची मुलगी, आणि मे महिन्यात मधुमेह असलेल्या सासूबाई येणार आहेत. मासे-अंडी चालतात, मटण आणि डुकराचं मांस चालत नाही.

बारा महिन्यांचा तक्ता मी देणार नाही, कारण अडचण तक्त्यानेच केली आहे. मी इथे आहारसल्ल्याचं काम करते, चिनी आहारोपचार इथल्याच शिक्षकांकडे शिकले, आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक भारतीय घरांचा हाच घोळ असतो. मात्र आधी एक गोष्ट. थकवा सहा आठवड्यांच्या पुढे गेला तर सूप उकळत बसू नका. हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. फारसं मांस न खाणाऱ्या घरात बी-१२ कमी निघणं अजिबात नवल नाही.

आता तुमच्या तक्त्यात काय चुकलं ते बघू. वसंताचं नातं यकृताशी आणि आंबट चवीचं नातंही यकृताशी, हे चिनी पंचतत्त्वांच्या जुन्या मांडणीत खरोखर आहे. तक्ता करणाऱ्याने या दोन ओळी जोडल्या आणि निष्कर्ष काढला की वसंतात आंबट खा. पण सातव्या शतकातला वैद्य सुन सिमियाओ बरोबर उलटं सांगतो: वसंतात आंबट कमी करा, गोड वाढवा, म्हणजे प्लीहेचं बळ टिकेल. त्याचा विचार असा की वसंतात यकृताचा जोर आधीच वाढलेला असतो, आंबटाने तो आणखी वाढतो आणि त्याचा मार प्लीहेवर, म्हणजे पचनावर पडतो. इथलं यकृत आणि प्लीहा म्हणजे सोनोग्राफीत दिसणारे अवयव समजू नका. शरीरातल्या कामांची ती नावं आहेत. तुमच्या लिव्हर फंक्शन टेस्टशी त्यांचा संबंध नाही. आणि गोड म्हणजे बासुंदीही नव्हे. भात, रताळं, कोनफळासारखे कंद, गाजर, खजुरासारखी दिसणारी लाल चिनी बोरं, अशी सौम्य गोडी त्याला अभिप्रेत आहे.

म्हणजे ऋतूशी जुळणारं नुसतं खायचं नसतं, ऋतूने जे बिघडतं ते सावरायचं असतं. १३३० मध्ये चीनच्या युआन राजघराण्याच्या दरबारातला आहारवैद्य हू सिहुई याने 'यिनशान झेंगयाओ' हे आहारावरचं पुस्तक सादर केलं. त्यातला चार ऋतूंचा सल्ला याच धर्तीचा आहे: वसंतात हवा ऊबदार होते म्हणून गहू, तो थोडा थंडावा देतो, उन्हाळ्यात मुगासारखं थंड कडधान्य, शरदात हवा कोरडी म्हणून तीळ, हिवाळ्यात उष्ण मानलेलं भरडधान्य. प्रत्येक ठिकाणी आधी हवेचा दोष सांगितला आहे, मग धान्य. तक्त्यांतून नेमका तो पहिला अर्धा भाग गळून जातो.

दुसरी गोम म्हणजे हवा कुठली? चिनी पंचांगात वर्षाचे चोवीस भाग आहेत, सूर्य दर पंधरा अंश पुढे सरकला की एक, म्हणजे साधारण पंधरवड्याला एक. २०१६ मध्ये युनेस्कोने ही पद्धत अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, आणि तेव्हापासून 'या पंधरवड्यात हे खा' छापाच्या याद्यांना ऊत आला आहे. पण हे पंचांग पीत नदीच्या मधल्या आणि खालच्या खोऱ्यातल्या हवेवर बेतलेलं आहे. तुम्ही राहता त्या शहराच्या हद्दीतून, त्सोंगहुआमधून, कर्कवृत्त जातं. २२ नोव्हेंबरच्या सुमारास 'लघुहिम' नावाचा पंधरवडा लागतो तेव्हा इथे लोक अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून फिरत असतात. ७-८ ऑगस्टला शरद सुरू होतो, तेव्हा घामाच्या धारा लागलेल्या असतात. पंचांग मी बाजारात काय येणार हे कळण्यासाठी वापरते. चुलीवर काय ठेवायचं ते घराच्या भिंतीकडे आणि जेवणाऱ्याकडे बघून ठरवते.

भिंतीकडे म्हणजे अक्षरशः. मार्चमध्ये तुमच्या फरशीला आणि आरशाला पाणी सुटलं असणार. कॅन्टोनीजमध्ये या दिवसांना 'वुई नाम तिन' म्हणतात. थंडीत गारठलेल्या भिंतींवर दक्षिणेच्या समुद्रावरून आलेली ऊबदार, दमट हवा टेकते आणि दवासारखं पाणी धरतं. (खिडक्या बंद ठेवा. हवा खेळती राहावी म्हणून आपण सगळं उघडतो आणि घर आणखी ओलं होतं.) इथल्या समजुतीप्रमाणे अशी हवा प्लीहा भिजवते, अंग जड होतं, जिभेवर पांढरा साय आल्यासारखा थर दिसतो, भूक मंदावते. आयुर्वेदातला अग्निमांद्य हा विचार तुम्हाला इथे आठवेल, आणि तो फार लांबचा नाही. अशा हवेत तुम्ही पचनावर कच्चं, गार आणि आंबट चढवत होतात. चिनी वैद्याला विचारलंत तर तो म्हणेल, ओल्या लाकडावर पाणी ओतलंत.

या दिवसांत ग्वांगझूच्या घराघरांत एक सूप शिजतं, ते तुम्हीही शिका. कुडझूचा कंद (आपल्या विदारीकंदाच्या जवळचा), तांबडे बारीक दाणे, पांढरे वाल, संत्र्याची जुनी साल आणि मड कार्प मासा, जो आपल्या मृगळाचा सख्खा नातलग आहे. या सावकाश शिजणाऱ्या सुपांना इथे 'लोऊ फो तोंग' म्हणतात. मासा आल्याच्या चकत्यांवर दोन्ही बाजूंनी तांबूस तळून घ्या आणि कापडी पिशवीत घालून पातेल्यात सोडा. या माशात काटे बारीक आणि पुष्कळ. पिशवी नसेल तर मुलीला ते सूप देऊ नका. मासा नको त्या दिवशी मूठभर शेंगदाणे आणि चार-पाच सुके शिताके मशरूम टाका. चौघांसाठी कंद अर्धा किलो, दाणे ५० ग्रॅम, वाल ३० ग्रॅम, पाणी अडीच लिटर. उकळी आली की आच बारीक करून पावणेदोन ते दोन तास. मीठ अगदी शेवटी.

वाल वाचून तुम्ही दचकला असाल, कारण आपल्याकडे तो वातुळ, गॅस धरणारा. इथे पांढरा वाल प्लीहेला बळ देणारा आणि ओल शोषणारा मानतात. दोन्ही म्हणण्यांचा मेळ कृतीत आहे: इथे तो रात्रभर भिजवून किंवा कोरडा भाजून दोन तास उकळतात आणि वाटीत पाच-सहा दाणेच येतात. वालाची घट्ट उसळ वाटीभर खाणं ही वेगळी गोष्ट. कच्चा किंवा अर्धवट शिजलेला वाल मात्र कुठल्याच पद्धतीत चालत नाही, त्यात विषारी अंश असतो.

तांबडे दाणे घेताना नीट बघा. बाजारात दोन प्रकार शेजारी शेजारी असतात. गोल, गुबगुबीत दाणा तो अडझुकी. तो गोड खिरीसाठी, शिजून मऊ होतो. आपल्याला हवा तो लांबट, निमुळता, जरा गडद दाणा, कडेला पांढरी रेघ असलेला. तो शिजूनही आकार धरून राहतो. तिसरा एक अर्धा लाल, अर्धा काळा दाणा पूर्वी वनौषधींच्या दुकानांत याच नावाखाली मिळायचा. तो आपण लहानपणापासून ओळखतो: गुंज. विषारी आहे, दिसला तर दुकान बदला.

संत्र्याची साल, म्हणजे चेनपी, ही शेजारच्या ज्यांगमनमधल्या शिनहुईची नावाजलेली. जितकी जुनी तितकी महाग. सुपासाठी तीन-चार वर्षांची पुरे, वीस वर्षांची घेऊन फुशारकी मारायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. एका सालीचा पाव भाग वीस मिनिटं पाण्यात भिजवा, मऊ झाला की आतला पांढरा गर चमच्याच्या कडेने खरवडून काढा, नाहीतर सूप कडू होतं. पोट जड वाटण्यावर मला स्वतःला या एका वस्तूचा सगळ्यात जास्त उपयोग झाला आहे, आणि ती साध्या भातातही टाकता येते.

तुमच्या पदपथावर पडणारी मोठी लाल फुलं काटेसावरीची. ती या शहराचं फूल आहे. मार्च-एप्रिलमध्ये आजीबाई पिशव्या घेऊन ती वेचतात, वाळवतात आणि ओल घालवणाऱ्या सुपात टाकतात. करायचं तर दुकानातली वाळलेली आणा. रस्त्यावरच्या फुलांवर गाड्यांची धूळ आणि फवारणी दोन्ही असतं. याच फुलांचा उन्हाळ्यात एक काढा होतो, त्यात आपला देवळाबाहेरचा चाफासुद्धा असतो.

उन्हाळ्याचं गणित वेगळं. इथे उकाडा आणि ओल एकत्र येतात. म्हणून कोहळा, सालीसकट, 'यीमी' नावाच्या धान्याबरोबर उकळायचा. यीमीला दुकानदार इंग्रजी पाटीवर बार्ली म्हणतात, पण ते जव नव्हे. दाणा मोठा, पांढरा, मध्ये रुंद खोलगट चीर. कच्ची यीमी थंड मानतात, म्हणून पचन मंद असेल तर तव्यावर बदामी भाजून घ्या. गर्भारपणात ती इथे टाळतात. मूग तर दोन्हीकडे थंडच. इथे तो समुद्री शेवाळाबरोबर गोड उकळतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण मुलांना आवडतं. कारलं, काकडी, कलिंगड हे सगळं आलंच.

पण इथेच एक म्हण आडवी येते: हिवाळ्यात मुळा खा, उन्हाळ्यात आलं खा, वैद्याची चिठ्ठी लागायची नाही. तक्त्यात आलं उष्ण, म्हणजे ते हिवाळ्यात हवं, मग हे काय? उन्हाळ्यात आपण बर्फाचं पाणी पितो, सोळा अंशांवर एसी लावतो, फळांवर राहतो. बाहेर ऊन, पोटात गारठा. म्हणून सकाळच्या जेवणात आल्याचे दोन काप. हिवाळ्यात जेवण जड, तेलकट, आणि हालचाल कमी. म्हणून मुळा, तो पोट मोकळं करतो. हीच तऱ्हा तुम्हाला सगळीकडे लागू करता येईल, म्हणून मी तिच्यावर थांबले. दिवसभर एसी ऑफिसात बसणाऱ्या तुमच्या नवऱ्याला रात्री गार काकडीची कोशिंबीर देऊ नका. त्याला कोमट कोहळ्याचं सूप आणि वरून आलं. शाळेच्या मैदानातून लालबुंद होऊन आलेल्या मुलीला मुगाचं पाणी. एकाच घरात, एकाच संध्याकाळी दोन वेगवेगळी उत्तरं.

जून-जुलैत लिची येईल आणि शेजारच्या आजी म्हणतील, एक लिची म्हणजे तीन ज्वाळा. 'यीत हेय' झालं असं इथे म्हणतात तेव्हा आपली आई 'उष्ण पडलं' म्हणते तेच समजा: तोंड येणं, घसा धरणं, पुटकुळ्या. मुलीला जेवणानंतर चार-पाच द्या. रिकाम्या पोटी मुलांना भरपूर लिची देऊ नये, हे मात्र चिनी वैद्यक बाजूला ठेवूनही खरं आहे. त्यातल्या काही घटकांनी रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते.

खरा कोरडेपणा ग्वांगझूत ऑक्टोबरच्या सुमारास येतो. उत्तरेचा वारा सुरू होतो, ओठ फुटतात, रात्री कोरडा खोकला. तेव्हा पेअर, पांढरी बुरशी (इथे तिला 'स्नो फंगस' म्हणतात), लिलीचे कंद, कमळकाकडी. पांढरी बुरशी दोन तास भिजवा, मागचा पिवळा कडक देठ कापून टाका, बोटांनी बारीक फाडा आणि मंद आचेवर तासभर तरी शिजू द्या. पाणी बुळबुळीत, दाट झालं की झालं. घाई केली तर चावताना रबर लागतो. कमळकाकडी आणि शेंगदाण्याचं सूप तुमच्या घरात सहज खपेल. या ऋतूत इथे दोन तऱ्हेच्या जर्दाळूच्या बिया मिळतात, गोड आणि कडू. कडू बीत सायनाइड तयार करणारा घटक असतो. ती मुलीसाठी नको, आणि मोठ्यांसाठीसुद्धा कच्ची कधीच नको.

तिळाबद्दल एक फरक लक्षात ठेवा, नाहीतर पुन्हा गोंधळ होईल. आपण तीळ उष्ण म्हणून संक्रांतीला खातो. चिनी मांडणीत काळे तीळ सम प्रकृतीचे आणि ओलावा देणारे, म्हणून शरदात. दोन्ही शास्त्रांना एका ओळीत बसवायचा खटाटोप मी सोडून दिला आहे. ज्या घरात ज्या हवेत शिजवायचं, तिथे त्या दिवशी एकच चौकट वापरा.

हिवाळा मी लवकर आटोपते, कारण त्यातलं मुख्य पक्वान्न तुम्ही खात नाही. मटण, आलं आणि डांग-ग्वेई नावाचं मूळ, हा प्राचीन हान राजवटीतल्या झांग झोंगजिंग या वैद्याचा काढा आजही हिवाळ्यात घरोघरी सुपासारखा शिजतो. ग्वांगझूत मटणाच्या हंडीत ऊस आणि शिंगाड्यासारखे वॉटर चेस्टनट टाकतात, उष्णता जरा आवरायला. तुम्ही काळे उडदासारखे दिसणारे चिनी काळे सोयाबीन, चेस्टनट, अक्रोड, शिताके आणि भरपूर आलं घेऊन तेच काम करा, बरोबर मुळा. इथे घरांना हीटिंग नसतं, त्यामुळे १० अंशांतसुद्धा हाडं गारठतात. पुढेमागे बेजिंगला बदली झाली तर हा हिवाळा तिथे लावू नका. तिथे १५ नोव्हेंबर ते १५ मार्च घरं तापवलेली असतात आणि आतली हवा ठणठणीत कोरडी. घरात बसणाऱ्याला तिथे भर थंडीतही पेअर लागतो. आणि सिंगापूरला गेलात तर बारा महिने तुमच्या इथला जून.

राहिल्या सासूबाई, आणि इथे मी सगळ्यात जास्त सावध राहीन. चिनी आहारोपचारात पचन सुधारायला तांदळाची पातळ पेज हा पहिला उपाय. मधुमेहात तीच पेज रक्तातली साखर भराभर चढवते, कारण तांदूळ इतका शिजतो की पचायला काही उरतच नाही. त्यांना पेज द्यायचीच तर अर्धी वाटी, निम्मी डाळ किंवा यीमी घालून, बरोबर अंडं किंवा मासा. लाल बोरं आणि खडीसाखर त्यांच्या वाटीत नको. गोडी गाजराची पुरे. सुपातले कंद हे त्यांच्या हिशोबात भाजी नसून भात आहे, म्हणजे कंद खाल्ला तर भात तेवढा कमी. रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी असेल तर डांग-ग्वेई आणि गोजीची लाल सुकी फळं दोन्ही बाजूला ठेवा. रक्तदाब असेल तर कोपऱ्यावरच्या दुकानातले काळे काढे नको, कारण काहींत ज्येष्ठमध असतो आणि त्याने दाब वाढतो. त्या काढ्यांना वारशाचा मान आहे, २००६ पासून ते चीनच्या राष्ट्रीय यादीत आहेत, पण ते औषध आहे, सरबत नव्हे. मुलीलाही सवय लावू नका.

या सगळ्यात सिद्ध किती आणि समजूत किती, असं तुम्ही विचारलं होतं. ओल किंवा यीत हेय रक्ततपासणीत दिसत नाही, आणि कोहळ्याच्या सुपाने आजार बरा होतो असं मी कुणालाही सांगत नाही. मात्र बाजारातलं ताजं, शिजवलेलं, गरम आणि माफक खाणं, आणि जेवणाऱ्याकडे बघून त्यात फेरफार करणं, एवढं या पद्धतीतून पदरात पडतं. माझ्या कामात तेवढ्याने बरीच पोटं शांत झालेली मी बघते.

उद्यापासून काय करायचं ते सांगते. सॅलड थांबवा, पाला वाफवून किंवा लसूण-आल्यावर परतून खा. लिंबूपाण्याऐवजी चेनपीचं कोमट पाणी. आठवड्यातून दोनदा कुडझूचं सूप. फ्रीजमधलं पाणी बंद. दोन आठवड्यांनी जिभेवरचा थर आणि सकाळचा जडपणा बघा. फरक नसेल तर वर सांगितलेल्या तपासण्या. सासूबाई निघण्याआधी त्यांच्या गोळ्यांची यादी आणि तुम्ही सुपात घालणार त्या जिनसांची यादी, दोन्ही त्यांच्या पुण्याच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. जिनसांची नावं मराठीत अडली तर पाकिटाचा फोटो टाका, मी ओळखून सांगते.